टोळांचे घर शोधणारा शास्त्रज्ञ

टोळधाडीपुढे हतबल होणे एवढेच शतकानुशतके माणसाच्या हाती होते. गवतातल्या एका साध्या नाकतोड्याची ओळख नीट पटवून त्या धाडीचे मूळ दाखवून देणाऱ्या सर बोरिस उवारोव्ह यांच्या आयुष्याची ही कहाणी.

टोळधाड आली की शेत उरत नाही, हे माणसाला शेतीइतकेच जुने ज्ञान आहे. धर्मग्रंथांतून, लोककथांतून, राजदरबारांच्या नोंदींतून टोळांचे उल्लेख येतात ते बहुधा दैवी कोप म्हणूनच. क्षितिजावर काळसर ढग उठावा, तो बघता बघता अंगावर यावा आणि तासाभरात उभे पीक काडीमोल व्हावे, हा अनुभव आफ्रिकेपासून चीनपर्यंत सर्वत्र सारखाच होता. पण या संकटातला खरा कोड्यात टाकणारा भाग वेगळाच होता. धाड काही वर्षे चालते, मग अचानक ओसरते आणि कोट्यवधींच्या संख्येने दिसणारा तो कीटक जणू पृथ्वीवरून नाहीसा होतो. दहा-वीस वर्षे त्याचे नावही ऐकू येत नाही. एखाद्या वर्षी तो पुन्हा आकाश झाकून टाकतो. मधल्या काळात टोळ असतात तरी कुठे?

आपल्याकडेही हा प्रश्न पडावा असा प्रसंग घडला होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पश्चिम भारतात ‘बॉम्बे लोकस्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोळाच्या झुंडींनी धुमाकूळ घातला. सरकारी कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९०६ मध्ये या टोळावर सविस्तर प्रबंध लिहिला. १९०८ नंतर मात्र या झुंडी ओसरल्या आणि मुंबईचे नाव लावणारा हा टोळ लोकांच्या स्मरणातूनही गेला. तो नामशेष झाला नव्हता. तो गवतात, झाडाझुडपांत, एकेकटा, कोणाच्या नजरेत न भरता जगत होता.

धाडीतला टोळ आणि गवतातला हा निरुपद्रवी नाकतोडा यांचे नाते ज्याने उलगडले, तो माणूस भारतातला नव्हता, इंग्लंडमधलाही नव्हता. रशियन साम्राज्याच्या पार कडेला, युरोप आणि आशिया जिथे एकमेकांना भेटतात त्या उराल्स्क या गावी बोरिस पेत्रोविच उवारोव्ह यांचा जन्म झाला. काळ एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकाचा. आज हे गाव कझाकस्तानात आहे. वडील सरकारी बँकेत नोकरीला. घरची स्थिती मध्यमवर्गीय. पण घराबाहेर पडले की नजर पोहोचेल तिथवर पसरलेला गवताळ माळ होता. उन्हाळ्यात त्या गवतातून चालताना दर पावलाला नाकतोडे उडत. मुलाची निसर्गाची ओढ वडिलांनी ओळखली आणि ब्रेहम या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाच्या प्राणिजीवनावरील ग्रंथाचे खंड त्याच्या हाती दिले. पुढच्या आयुष्याची दिशा ठरवायला तेवढे पुरेसे झाले.

शिक्षणाची सुरुवात मात्र भलत्याच वाटेने झाली. त्या काळच्या व्यवहारी विचाराप्रमाणे या मुलाने खाणविद्येच्या शाळेत प्रवेश घेतला. पण जमिनीच्या पोटातल्या खनिजांपेक्षा जमिनीवरच्या किड्यांकडेच त्याचे चित्त होते. खाणविद्या सोडून उवारोव्ह सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात दाखल झाले आणि १९१० मध्ये जीवशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडले. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. आपल्या जन्मप्रांतातील नाकतोड्यांवर त्यांनी लिहिलेला निबंधही याच सुमाराचा. ज्या कीटकगटाचा ध्यास त्यांनी पुढे साठ वर्षे घेतला, त्याची निवड अशी विद्यार्थिदशेतच झाली होती.

नाकतोडे आणि टोळ यांची वर्गवारी हे काम बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटेल. लांब मिशांचे नाकतोडे वेगळे, आखूड मिशांचे वेगळे. टोळ मोडतात ते आखूड मिशांच्या कुळात. या कुळात जगभर सहा हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या जेमतेम वीसेक जातींना टोळ म्हणता येते. शरीररचनेच्या दृष्टीने टोळ हा नाकतोडाच आहे. फरक आहे तो स्वभावात. गर्दी झाली की ज्या जातीचे नाकतोडे एकत्र येतात, रांगा धरून चालू लागतात, पंख फुटल्यावर झुंडीने उडतात, त्या जातीला टोळ म्हणायचे. ही व्याख्या आज सोपी वाटते. १९१० मध्ये ती कोणालाच ठाऊक नव्हती.

पदवीनंतर उवारोव्ह यांना नोकरी मिळाली ती आजच्या तुर्कमेनिस्तानातील मुरगाबच्या शाही कापूस जहागिरीत. वाळवंटाच्या कडेची ती सिंचित जमीन, तिथली कीड आणि तिचा बंदोबस्त हे त्यांचे काम. तिथून ते उत्तर कॉकेशसमधील स्ताव्रोपोल येथे कीटकशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून गेले. कॅस्पियन समुद्राला मिळणाऱ्या नद्यांच्या मुखाशी पसरलेली बोरूची दाट बने या प्रदेशापासून दूर नव्हती. टोळांच्या झुंडी वाढतात त्या अशाच बनांत. टोळांचा नायनाट करण्याची मोहीम चालवणे हे उवारोव्ह यांचे सरकारी कर्तव्य होते. पण मारण्याआधी किंवा मारल्यानंतर तो किडा हातात घेऊन नीट पाहण्याची त्यांची सवय काही सुटली नाही. त्या सवयीतूनच पुढचे सारे घडले.

त्या काळच्या पुस्तकांत या भागातील टोळांच्या दोन जाती दिलेल्या होत्या. एक, लोकस्टा मायग्रेटोरिया, म्हणजे स्थलांतर करणारा टोळ. हा धाडीने येई. दुसरी, लोकस्टा डॅनिका. ही जात एकेकटी राही आणि कोणाच्या पिकाला तिचा फारसा उपद्रव नसे. दोहोंत फरक ओळखण्याच्या खुणाही ठरलेल्या होत्या. डोक्यामागची पाठीची ढाल बाजूने पाहिली तर धाडीच्या टोळात ती खोगिरासारखी मधोमध दबलेली असे. एकट्या राहणाऱ्यात ती उंचवटा आलेली, कण्यासारखी धार असलेली असे. धाडीच्या टोळाचे पंख मागच्या मांडीच्या मानाने लांब, तर एकट्याची मांडी त्याच्या मानाने मोठी. पिल्लांच्या रंगात तर जमीन-अस्मानाचा फरक. धाडीची पिल्ले काळी-नारिंगी, भडक. एकट्यांची हिरवी किंवा मातकट, गवतात मिसळून जाणारी. अशा दोन किड्यांना कोणीही अभ्यासक दोन जातीच म्हणणार.

स्ताव्रोपोलच्या माळावर मात्र उवारोव्ह यांना या खुणा दगा देऊ लागल्या. धाडीच्या टोळांनी जिथे अंडी घातली होती, तिथे पुढच्या पिढीत डॅनिकासारखे दिसणारे टोळ सापडू लागले. दोहोंच्या मधल्या खुणा असलेले, धड हे ना धड ते, असे नमुनेही मिळत गेले. जातींची सीमारेषा पुसट होत असेल, तर एक तर खुणा चुकीच्या निवडल्या आहेत किंवा जाती दोन नाहीतच. याच सुमारास मध्य आशियात प्लॉत्निकोव्ह हे दुसरे रशियन कीटकशास्त्रज्ञ पिंजऱ्यात टोळ वाढवून अशाच निरीक्षणापर्यंत पोहोचले होते. पण या साऱ्या निरीक्षणांतून एक सिद्धांत उभा करायला शांत जागा, मोठा नमुनासंग्रह आणि फुरसत हवी होती. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि या तिन्ही गोष्टी दुर्मीळ झाल्या.

१९१५ मध्ये उवारोव्ह यांची नेमणूक टिफ्लिसला, म्हणजे आजच्या तिबिलिसीला झाली. दोन वर्षांत रशियात क्रांती झाली. झारचे साम्राज्य कोसळले आणि जॉर्जिया हा स्वतंत्र देश झाला. उवारोव्ह तिथल्या संग्रहालयात कीटकविभाग सांभाळत, विद्यापीठात शिकवत. पण राष्ट्रीयत्वाच्या नव्या वाऱ्यात रशियन माणसाला तिथे भविष्य उरले नव्हते. मागे परतावे तर यादवी युद्ध. हाताशी तुटपुंजे उत्पन्न, पदरी बायको आणि लहान मुलगा. अशा वेळी त्यांच्या कामी आली ती त्यांची विद्याच. युद्धानंतर ब्रिटिश फौजा त्या प्रदेशात आल्या होत्या आणि त्या निमित्ताने पॅट्रिक बक्स्टन यांच्यासारख्या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञांशी उवारोव्ह यांचा संबंध आला. लंडनच्या इम्पीरियल ब्यूरो ऑफ एंटोमॉलॉजीचे संचालक गाय मार्शल यांच्यापर्यंत त्यांचे नाव पोहोचले. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून येणाऱ्या किड्यांची ओळख पटवून देणे हे या ब्यूरोचे काम होते आणि नाकतोड्यांच्या गटातला इतका जाणकार मार्शल यांना हवाच होता. त्यांच्या निमंत्रणावरून १९२० मध्ये उवारोव्ह लंडनला पोहोचले. पुढची पन्नास वर्षे ते शहर त्यांचे घर झाले.

साऊथ केन्सिंग्टनमधील निसर्गविज्ञान संग्रहालयात त्यांना टेबल मिळाले आणि जगभरातून गोळा झालेल्या टोळांच्या पेट्या समोर आल्या. स्ताव्रोपोलमध्ये अर्धवट राहिलेला विचार त्यांनी तिथे पूर्ण केला. १९२१ मध्ये ब्यूरोच्या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. वरकरणी तो लोकस्टा या प्रजातीच्या फेरवर्गीकरणाचा रूक्ष निबंध होता. पण त्यातच टोळधाडींच्या उगमाविषयीचा नवा सिद्धांत मांडलेला होता. मायग्रेटोरिया आणि डॅनिका या दोन जाती नसून एकाच जातीच्या दोन अवस्था आहेत, असे उवारोव्ह यांनी सांगितले. कीटक विरळ असतात तेव्हा ते एकल अवस्थेत जगतात. परिस्थिती अनुकूल होऊन संख्या वाढली, दाटी झाली की पिढीगणिक त्यांचा रंग, आकार आणि वागणूक बदलत जाते आणि ते समूह अवस्थेत येतात. दाटी मोडली की उलटा प्रवास सुरू होतो. या दोहोंच्या मधली एक संक्रमण अवस्थाही असते. दक्षिण आफ्रिकेत फॉर यांनी तिथल्या तपकिरी टोळावर काम करून स्वतंत्रपणे असाच निष्कर्ष काढला आणि उवारोव्ह यांच्या म्हणण्याला दुजोरा मिळाला.

या सिद्धांताने जुन्या कोड्याचे उत्तर दिले. धाड ओसरल्यावर टोळ कुठेही जात नाहीत. त्यांचे रूप बदलते आणि त्यांना कोणी ओळखत नाही. सूर्यावरचे डाग, परोपजीवी कीटक, आणखी कसली गूढ चक्रे यांच्यावर धाडींच्या नियतकालिकतेचा भार टाकण्याची आता गरज उरली नाही. त्याहून मोठा होता तो व्यावहारिक अर्थ. धाडीत न मोडणाऱ्या काळात टोळ एकल अवस्थेत कुठेतरी राहत असतील, तर त्यांची ती राहण्याची ठिकाणे शोधता येतील. तिथे संख्या वाढू लागताच हालचाल केली तर धाड उठण्याआधीच मोडता येईल. आकाश भरून आल्यावर थाळ्या वाजवण्यापेक्षा आणि खंदक खणण्यापेक्षा हे काम कितीतरी स्वस्त होते. मात्र त्यासाठी दोन गोष्टींचे ज्ञान अटळ होते. गवतातला तो एकटा किडा नेमका कोणत्या जातीचा आहे हे ओळखता आले पाहिजे, आणि त्याला कसली जमीन, कसला पाऊस, कसली वनस्पती मानवते हे कळले पाहिजे.

त्यानंतरची काही वर्षे उवारोव्ह यांनी या पायाभरणीत घालवली. १९२३ मध्ये त्यांनी आशिया-आफ्रिकेतील मोठ्या टोळांच्या गटाची नव्याने मांडणी केली. बॉम्बे लोकस्टसाठी त्यांनी त्या वेळी जी प्रजाती स्थापन केली तिचे नाव मराठी वाचकाला मुळीच परके वाटणार नाही. ते आहे पतंगा. आफ्रिकेतील लाल टोळाची नोमॅडॅक्रिस ही प्रजातीही त्यांनीच त्या वर्षी स्थापन केली. १९२८ मध्ये टोळ आणि नाकतोडे यांच्या अभ्यासाचे व नियंत्रणाचे त्यांचे पुस्तक आले आणि ते जगभरच्या कृषी खात्यांचे हाताशी ठेवायचे साधन झाले.

पुस्तक आले तेच मुळी ऐन वेळी. १९२८ च्या सुमारास आफ्रिकेत आणि पश्चिम आशियात एकाहून अधिक जातींच्या टोळांनी डोके वर काढले. ब्रिटिश सरकारने टोळनियंत्रणासाठी समिती नेमली आणि १९२९ मध्ये उवारोव्ह यांच्या हाताखाली एक छोटे संशोधन पथक उभे राहिले. खोल्या थोड्या, माणसे मोजकी, पैसा बेताचा. या पथकाने सुरू केलेले काम तसे साधे होते. कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या जातीचे, किती टोळ दिसले, झुंड कोणत्या दिशेने गेली, याची माहिती गोळा करायची. जिल्हाधिकारी, वकिलातींतले अधिकारी, जहाजांचे कप्तान, प्रवासी, ज्याला टोळ दिसेल त्याने कळवायचे. ही माहिती महिन्यामागून महिना नकाशावर उतरवायची. झेना वॉलॉफ यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी हे चिकाटीचे काम वर्षानुवर्षे केले आणि कोणत्याही एका देशात बसून दिसले नसते असे चित्र नकाशांवर उमटू लागले.

टोळ सरहद्दी मानत नाहीत. माणसे मात्र मानतात. हे चित्र पुरे करायचे तर ब्रिटन, फ्रान्स, इटली, बेल्जियम अशा एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वसाहतवादी सत्तांनी एकमेकांना माहिती देणे आवश्यक होते. १९३१ च्या रोम परिषदेपासून पॅरिस, लंडन, कैरो आणि १९३८ मध्ये ब्रुसेल्स अशा आंतरराष्ट्रीय टोळ परिषदा भरल्या. युरोप दुसऱ्या युद्धाकडे निघालेला असताना टोळांच्या प्रश्नावर मात्र ही राष्ट्रे एका टेबलाशी बसत राहिली. याचे मोठे श्रेय उवारोव्ह यांच्या चिकाटीला आणि त्यांच्या शब्दाला असलेल्या वजनाला द्यावे लागते. स्वतःचा देश गमावलेला हा माणूस सर्व देशांना समान वाटावा, हेही स्वाभाविकच होते.

नकाशांनी अपेक्षेप्रमाणे फळ दिले. आफ्रिकी स्थलांतरी टोळाची १९२८ मध्ये सुरू झालेली आणि १९४१ पर्यंत चाललेली प्रचंड धाड शेवटी मागे मागे नेली तर ती आजच्या मालीमधील मधल्या नायजर नदीच्या पूरमैदानापाशी जाऊन थांबली. दरवर्षी पूर येऊन ओसरणारी ती गवताळ जमीन हे त्या टोळाचे घर होते. लाल टोळाची घरे सापडली ती टांगानिकातील रुक्वा सरोवराच्या खोऱ्यात आणि उत्तर ऱ्होडेशियातील, म्हणजे आजच्या झांबियातील, म्वेरू वा न्टिपाच्या दलदलीत. निम्मा आफ्रिका खंड व्यापणाऱ्या संकटाचा उगम एवढ्याशा जागांत होता. तिथे कायमची पहारेकरी पथके ठेवण्याची उवारोव्ह यांची शिफारस अमलात आली. लाल टोळासाठी १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय सेवा स्थापन झाली. अधूनमधून लहान-मोठे उद्रेक झाले, पण १९३० ते १९४४ या काळासारखी लाल टोळाची खंडव्यापी धाड पुन्हा उठली नाही.

वाळवंटी टोळाने मात्र उवारोव्ह यांना सोपे उत्तर दिले नाही. पश्चिम आफ्रिकेपासून थरच्या वाळवंटापर्यंत पसरलेला हा टोळ सर्वांत घातक. शांततेच्या काळातही त्याचा वावर सुमारे एक कोटी साठ लाख चौरस किलोमीटर कोरड्या प्रदेशात असतो. लाल टोळासारखे त्याचे ठरलेले घर सापडेल, या आशेने शोध सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अन्नधान्याचा प्रश्न बिकट असताना अरबस्तान, इराण आणि पूर्व आफ्रिकेत मोठी मोहीम उघडण्यात आली आणि तिची शास्त्रीय सूत्रे उवारोव्ह यांच्याकडे होती. युद्धानंतर मध्यपूर्वेतील टोळविरोधी पथकासाठी विल्फ्रेड थेसिजर या प्रवाशाने दक्षिण अरबस्तानातील रुब-अल-खाली हे ओसाड वाळवंट उंटावरून पालथे घातले. जगाला तो ठाऊक आहे तो साहसी प्रवासी म्हणून. पण त्याला तिकडे जाण्याचे निमित्त मिळाले होते ते टोळांच्या प्रजननस्थळांच्या शोधाचे.

या शोधातून उलगडले ते असे की वाळवंटी टोळाला कायमचे घर नाहीच. त्याचे घर पावसाबरोबर हलते. वाळवंटात जिथे पाऊस पडेल, वाळू काही बोटे खोलवर ओली होईल, थोडी हिरवळ फुटेल, तिथे तो वाऱ्यावर स्वार होऊन पोहोचतो, ओल्या वाळूत अंडी घालतो. पाऊस पुन्हा पडला तर दोन-तीन पिढ्यांत संख्या भरमसाट वाढते. हिरवळ सुकू लागली की उरलेल्या हिरव्या तुकड्यांवर दाटी होते आणि एकल टोळाचा समूह टोळ होतो. म्हणजे काही ठरावीक जागांवर पहारा ठेवून भागणार नव्हते. सगळ्या वाळवंटावरच नजर ठेवणे भाग होते. उवारोव्ह यांनी आपल्या मूळ अपेक्षेला चिकटून न राहता पाहणी, माहिती आणि अंदाज यांची यंत्रणा वाढवण्यावर भर दिला.

या यंत्रणेत भारताचा वाटा मोठा होता. १९३० च्या दशकात रामचंद्र राव या भारतीय कीटकशास्त्रज्ञांनी सिंध, बलुचिस्तान आणि राजपुतान्यातील वाळवंटात फिरून टोळांच्या वसतिस्थानांचा केलेला अभ्यास जगातील उत्तम कामांत गणला गेला. १९३९ मध्ये भारतात टोळ सूचना संघटना स्थापन झाली आणि ती आजही काम करते. राव यांचा भारतातील वाळवंटी टोळावरील मोठा ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनच्या नकाशांवर थरच्या वाळवंटातली टिंबे उमटत होती ती अशा माणसांच्या पायपिटीमुळे.

१९४३ मध्ये उवारोव्ह ब्रिटिश नागरिक झाले. १९४५ मध्ये त्यांच्या पथकाला टोळविरोधी संशोधन केंद्राचे स्वतंत्र रूप मिळाले आणि १९५९ पर्यंत ते त्याचे संचालक होते. १९५० मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले, १९६१ मध्ये ते सर झाले, रॉयल एंटोमॉलॉजिकल सोसायटीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. निवृत्तीनंतरही केंद्रातले त्यांचे टेबल सुटले नाही. तरुणपणापासून जमवलेल्या साऱ्या ज्ञानाचा सारांश मांडणाऱ्या ग्रंथाचा पहिला खंड १९६६ मध्ये आला. दुसऱ्याचे काम चालू असतानाच १८ मार्च १९७० रोजी त्यांचे निधन झाले. सहकाऱ्यांनी तो खंड पुरा केला आणि १९७७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आयुष्यभरात चारशेहून अधिक लेख-निबंध, शेकडो नव्या जातींची वर्णने आणि एका संपूर्ण ज्ञानशाखेची उभारणी, असा हा पसारा आहे.

त्यांचा प्रत्येक अंदाज खरा ठरला असे नाही. उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वतातला टोळ एकोणिसाव्या शतकात थैमान घालून १९०२ नंतर दिसेनासा झाला, तेव्हा तो तिथल्या एका साध्या नाकतोड्याची समूह अवस्था असावी, असे या सिद्धांताच्या आधारे बराच काळ मानले गेले. पुढच्या अभ्यासाने तो वेगळीच जात होता आणि खरोखरच नामशेष झाला, असे दाखवून दिले. दाटी झाल्यावर शरीरात नेमके काय घडते, हेही उवारोव्ह यांच्या हयातीत पुरते कळले नव्हते. मागच्या मांडीला होणारा वारंवार स्पर्श हा वाळवंटी टोळाला समूहाकडे ढकलतो, हे २००१ मध्ये सिद्ध झाले. सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाचा त्यातला वाटा २००९ मध्ये उघड झाला. स्थलांतरी टोळांना एकत्र आणणारा गंध २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी ओळखला. या प्रत्येक शोधाचा प्रश्न मुळात १९२१ च्या त्या निबंधाने विचारलेला होता.

माणसाच्या हातून टोळांची घरे वाढतात, हेही उवारोव्ह यांनी पन्नासच्या दशकातच बजावले होते. जंगल तोडून, माळ नांगरून, गुरे बेसुमार चारून उघडी पडलेली जमीन नाकतोड्यांना आणि टोळांना अंडी घालायला सोयीची होते. कोरड्या प्रदेशांच्या विकासाच्या योजना आखताना याचा विचार झाला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याच काळात डिल्ड्रिनसारखी जहाल कीटकनाशके हाती आली आणि टोळांचा प्रश्न कायमचा सुटला असे अनेकांना वाटले. ती रसायने जमिनीत आणि प्राण्यांच्या शरीरात वर्षानुवर्षे टिकून राहतात हे कळल्यावर त्यांचा वापर थांबवावा लागला. तेव्हा वसतिस्थानांच्या ज्ञानाकडे परतण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

मे २०२० मध्ये वाळवंटी टोळांच्या झुंडी राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून विदर्भात उतरल्या. अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांतील संत्र्याच्या बागांच्या आणि भाजीपाल्याच्या मालकांनी फवारण्या केल्या, डबे वाजवले. तिथल्या कित्येकांनी टोळधाड आयुष्यात प्रथमच पाहिली. एक चौरस किलोमीटरच्या झुंडीत आठ कोटींपर्यंत टोळ असू शकतात आणि ती एका दिवसात पस्तीस हजार माणसांचे अन्न फस्त करते, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा हिशेब आहे. या संकटाची मुळे विदर्भात नव्हती. २०१८ मध्ये दोन चक्रीवादळांचा पाऊस अरबस्तानातल्या रुब-अल-खालीवर पडला होता आणि त्या निर्मनुष्य ओल्या वाळूत टोळांच्या पिढ्या कोणाच्या लक्षात न येता वाढल्या होत्या. युद्धामुळे येमेनमध्ये पाहणी पथकांना नीट काम करता आले नाही. दोन वर्षांनी त्याची किंमत केनियापासून काटोलपर्यंतच्या शेतकऱ्यांनी मोजली.

टोळांच्या हालचालींचा अंदाज देण्याचे काम १९७८ मध्ये लंडनहून रोमला, अन्न व कृषी संघटनेकडे गेले. आता तिथे उपग्रहांवरून ओली जमीन आणि हिरवळ शोधतात, पथके हातातल्या यंत्रावरून जागच्या जागी नोंदी पाठवतात. पण शेवटी कोणीतरी वाळूत उतरून, झुडपाखालचा एक नाकतोडा उडवून, तो कोणत्या जातीचा आणि कोणत्या अवस्थेतला आहे हे पाहावेच लागते. स्ताव्रोपोलच्या माळावर उवारोव्ह हेच करीत होते.